सिमुनुल : दक्षिण फिलिपिन्समधील एका किनारी गावसमूहाचा भूगोल, इतिहास आणि अर्थव्यवहार

फिलिपिन्समध्ये इस्लाम प्रथम कोठे पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर त्या देशातील शालेय पुस्तकांत एका ओळीत दिलेले असते : इ. स. १३८० साली करीमुल मखदूम नावाचे धर्मोपदेशक सिमुनुल बेटावर आले आणि त्यांनी तेथे देशातील पहिली मशीद बांधली. या एका ओळीमुळे सिमुनुलचे नाव फिलिपिन्सभर माहीत आहे. परंतु त्या बेटावर माणसे कशी राहतात, काय पिकवतात, कोणाला विकतात आणि गेल्या सहा शतकांत त्यांच्यावरून कोणकोणत्या सत्तांच्या लाटा गेल्या, याची माहिती त्या ओळीत नसते. ती ओळ स्वतः कोठून आली, हाही प्रश्न क्वचितच विचारला जातो. बेटाचा भूगोल, इतिहास व अर्थव्यवहार एकत्र पाहिल्यास या प्रश्नांची बरीच उकल होते.

स्थान आणि भूरचना

फिलिपिन्सचा नकाशा पाहिला तर मिंदानाव या मोठ्या बेटाच्या पश्चिम टोकापासून बोर्निओच्या दिशेने लहान बेटांची एक रांग नैऋत्येकडे जाताना दिसते. हाच सुलू द्वीपसमूह. बासिलान, सुलू आणि तावी-तावी हे त्याचे तीन प्रांत. त्यांतील शेवटचा प्रांत तावी-तावी. त्याच्या एका बाजूस सुलू समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सेलेबीस समुद्र आहे. प्रांताचे मुख्य ठाणे बोंगाव. बोंगावच्या दक्षिणेस, थोड्याच अंतरावर सिमुनुल बेट आहे. राजधानी मनिला येथून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. उलट बोर्निओचा सबाह किनारा, म्हणजे आजचा मलेशिया, बोटीने काही तासांवर येतो. सिमुनुलचा बहुतेक इतिहास या दोन अंतरांच्या विषमतेतूनच घडला आहे.

फिलिपिन्समधील 'म्युनिसिपालिटी' म्हणजे शहराची नगरपालिका नव्हे. अनेक गावे मिळून झालेला, निर्वाचित मेयर व परिषद असलेला तो एक स्थानिक प्रशासकीय घटक आहे. आपल्याकडील लहान तालुक्याशी त्याची तुलना करता येईल. त्याखालील सर्वांत लहान घटकाला 'बारांगाय' म्हणतात, तो साधारणतः ग्रामपंचायतीसारखा. सिमुनुल म्युनिसिपालिटीत सिमुनुल हे मुख्य बेट आणि त्याच्या दक्षिणेचे मानुक मांकाव हे छोटे बेट मिळून १५ बारांगाय आहेत. लोकसंख्या तीस हजारांहून अधिक असून ती जवळजवळ संपूर्ण मुस्लिम आहे. बहुसंख्य लोक सामा जमातीचे असून सामा हीच त्यांची घरची भाषा आहे. सुलूमधील ताऊसुग भाषा व्यापाराची म्हणून अनेकांना येते. शाळेत फिलिपिनो आणि इंग्रजी शिकविली जाते, तर सबाहशी असलेल्या संबंधामुळे मलय भाषाही कानावर पडत असते.

बेट सखल आणि प्रवाळाच्या चुनखडीचे आहे. चुनखडीत पाणी मुरते, साचत नाही. त्यामुळे मोठी नदी नाही. गोड्या पाण्याच्या विहिरी जेथे लागल्या तेथे वस्ती झाली, आणि बाकीची गरज छपरावरचे पावसाचे पाणी साठवून भागविली जाते. ज्या गावी प्रसिद्ध मशीद आहे त्याचे नाव तुबिग इंदांगान. यातील 'तुबिग' या शब्दाचा अर्थ पाणी. गावाच्या नावातच पाणी यावे, यावरून त्याचे मोल कळते. किनाऱ्यावरील बरीच घरे भरतीच्या पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी असतात. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी फळ्यांचे पूल असतात आणि घराखाली होडी बांधलेली असते.

हवामानाच्या बाबतीत मात्र निसर्गाने बेटावर मेहेरनजर केली आहे. विषुववृत्तापासून ते उत्तरेस जेमतेम पाच अंशांवर असल्याने फिलिपिन्सच्या इतर भागांना दरवर्षी झोडपणारी चक्रीवादळे इतक्या दक्षिणेस सहसा येत नाहीत. उथळ, स्वच्छ व उबदार पाणी, प्रवाळाचे कठडे आणि वादळांचा अभाव या तिन्ही गोष्टी पुढे समुद्री शेवाळाच्या शेतीला उपयोगी पडल्या. बेटाच्या पश्चिमेस सिबुतू सामुद्रधुनी आहे. ती खोल असल्यामुळे सुलू व सेलेबीस या दोन समुद्रांमधील मोठ्या जहाजांचा मार्ग तेथून जातो. जगाचा व्यापार असा या बेटाच्या अंगणातून जात आला आहे.

सामा लोक

सामा ही एकच जमात नसून एका भाषाकुलाशी निगडित अशा अनेक समूहांचे ते नाव आहे. काही समूह जमिनीवर स्थायिक झाले, काही पिढ्यान्‌पिढ्या 'लेपा' नावाच्या घरनौकांवर राहिले. या दुसऱ्या समूहाला सामा दिलाउत, म्हणजे समुद्रातले सामा, असे म्हणतात. बाहेरचे लोक त्यांना बाजाव म्हणून ओळखतात. केंप पॅलेसन या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सामा भाषांचे मूळ बासिलान सामुद्रधुनीच्या परिसरात असावे आणि सुमारे इ. स. ८०० च्या सुमारास हे लोक तेथून पसरू लागले असावेत, असे मत मांडले आहे. ते मान्य केल्यास सिमुनुलच्या पाण्यात सामा लोकांचा वावर इस्लामच्या आगमनापेक्षा बराच जुना ठरतो.

या समुद्रावर इस्लामपूर्व काळात भारतीय संस्कृतीचाही ठसा उमटलेला होता. सुलूचा एक राजा १४१७ साली चीनच्या मिंग दरबारी गेला आणि परतीच्या वाटेवर देझोऊ येथे मरण पावला. त्याची कबर आजही तेथे आहे. चिनी ग्रंथांत आलेले त्याचे नाव 'पादुका बातारा' असे वाचले जाते. यातील पहिला शब्द संस्कृत 'पादुका' आणि दुसरा 'भट्टार' यांपासून मलय भाषेत रूढ झालेला आहे. सुलूच्या मुस्लिम सुलतानांनीही 'पादुका' हे बिरुद पुढे चालू ठेवले. धर्माला या भागात आजही 'आगामा' म्हणतात. हा आपल्या परिचयाचा 'आगम'. म्हणजे येथे जुने शब्द टिकले आणि त्यांत नवा आशय भरला गेला.

१३८० : एका सालाची चिकित्सा

सिमुनुलच्या कीर्तीचा पाया असलेले १३८० हे साल कोणत्याही शिलालेखावर कोरलेले नाही. ते प्रचारात आणले नजीब सलीबी यांनी. सलीबी हे लेबनॉनमध्ये जन्मलेले डॉक्टर. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत ते फिलिपिन्समध्ये आले आणि अरबी अवगत असल्यामुळे तेथील मुस्लिम सरदार घराण्यांकडील वंशावळी, ज्यांना 'तार्सिला' म्हणतात, त्यांना वाचता आल्या. 'तार्सिला' हा शब्द अरबी 'सिलसिला' या शब्दाशी जोडलेला आहे. सलीबी यांचे १९०५ आणि १९०८ साली प्रसिद्ध झालेले दोन ग्रंथ हा या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ होय.

सुलूच्या तार्सिलेत असे म्हटले आहे की करीमुल मखदूम लोखंडाच्या भांड्यात बसून समुद्र ओलांडून आले, बुआन्सा येथे राहिले आणि लोक चारी दिशांनी त्यांच्याकडे आले. तेथे प्रार्थनेसाठी घर बांधले गेले. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, तार्सिलेत साल दिलेले नाही. पुढे आलेल्या राजा बागिंदा यांचा काळ सुमारे १३९० धरून त्याच्या आधी दहा वर्षे, असा सलीबी यांचा हिशेब होता. दुसरी, बुआन्सा हे ठिकाण होलो बेटावर आहे, सिमुनुलवर नाही. सिमुनुलचा दावा मुख्यत्वे स्थानिक परंपरेवर, तुबिग इंदांगानच्या मशिदीवर आणि तिच्यातील जुन्या कोरीव लाकडी खांबांवर उभा आहे. मखदूम यांची मजार आपल्याकडे आहे असे सिमुनुलचे लोक सांगतात, तसेच शेजारच्या सिबुतू बेटाचे लोकही सांगतात.

याशिवाय कालगणनेची एक अडचण आहे. मखदूम यांनी आधी मलाक्काच्या सुलतानाला इस्लामची दीक्षा दिली आणि मग ते पूर्वेकडे आले, असे सलीबी यांनी लिहिले. परंतु मलाक्का हे राज्यच सुमारे १४०० साली स्थापन झाले, असे आज मानले जाते. तेव्हा एक तर मलाक्काचा प्रसंग वेगळ्या व्यक्तीचा आहे, किंवा १३८० हे साल पुढे सरकविले पाहिजे. फिलिपिनी मुस्लिम इतिहासाचे सर्वांत मान्यवर अभ्यासक सीझर अदिब माहुल यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या परंपरांची छाननी केली आहे. होलो येथील बुद दातू टेकडीवरच्या एका कबरीवर हिजरी ७१०, म्हणजे इ. स. १३१० हे साल असल्याचे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ मखदूम यांच्या आधीच परदेशी मुस्लिम या द्वीपसमूहात येऊन राहू लागले होते. मखदूम यांचे कार्य म्हणजे इस्लामची पहिली ओळख नसून स्थानिक लोकांमध्ये त्याचा प्रसार होय, असा याचा अर्थ लागतो.

'मखदूम' हे विशेषनाम नसून पदवी आहे, हेही विसरता कामा नये. ज्याची सेवा केली जाते तो मखदूम, म्हणजे आदरणीय गुरू. हिंदुस्थानात सूफी व विद्वान यांना ही पदवी सर्रास लावली जात असे. मुंबईच्या माहीम येथील थोर कोकणी विद्वान मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे याच काळातले. सिमुनुलच्या परंपरेतील साल खरे मानले तर त्या वेळी माहिमचे मखदूम आठ वर्षांचे होते. दोघांमध्ये कोणताही प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु एकच पदवी कोकणच्या किनाऱ्यावर आणि सुलूच्या समुद्रात एकाच काळी आदराने घेतली जात होती, ही गोष्ट हिंदी महासागरातील विद्वानांच्या व व्यापाऱ्यांच्या दळणवळणावर प्रकाश टाकणारी आहे. १५१२ ते १५१५ या काळात मलाक्काचे वर्णन लिहिणाऱ्या तोमे पिरेस या पोर्तुगीजाने तेथे आढळणाऱ्या व्यापाऱ्यांची यादी दिली आहे. तीत चौल, दाभोळ, गोवा आणि दख्खन येथील लोक आहेत, तसेच ब्रुनेई आणि लुझोन येथीलही आहेत. याच बाजारपेठेच्या वाटांनी माल गेला, भाषा गेली आणि धर्मही गेला.

परंपरेचा पुरावा कच्चा आहे म्हणून ती टाकून द्यावी, असे मात्र नाही. मशिदीची इमारत अनेकदा नव्याने बांधली गेली तरी गावकऱ्यांनी जुने खांब हलविले नाहीत, ते नव्या इमारतीच्या आत जपून ठेवले. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या मशिदीला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली आणि २०१३ साली प्रजासत्ताक कायदा क्रमांक १०५७३ अन्वये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थान ठरली. मुस्लिम स्वायत्त प्रदेशात ७ नोव्हेंबर हा दिवस मखदूम यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. सालाबद्दल वाद होऊ शकेल. लोकांनी आपल्या आठवणीसाठी केलेल्या जपणुकीबद्दल होऊ शकत नाही.

सुलतानशाही आणि परक्या सत्ता

पंधराव्या शतकाच्या मध्यास शरीफुल हाशिम अबू बक्र यांनी सुलूची सुलतानशाही स्थापन केली असे तार्सिला सांगतात. सिमुनुल या सत्तेच्या कक्षेत आले. सुलतानाच्या वतीने बेटांवर 'पांगलिमा' नावाचे अधिकारी असत. सिमुनुलच्या एका बारांगायचे नाव आजही पांगलिमा मास्तुल असे आहे.

जेम्स वॉरन या इतिहासकाराने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १७६८ ते १८९८ या काळातील सुलूच्या अर्थव्यवस्थेचे चित्र रेखाटले आहे. चीनच्या बाजारात समुद्रकाकडी, मोत्यांचे शिंपले आणि पाकोळ्यांची खाद्य घरटी यांना प्रचंड मागणी होती. युरोपीय व्यापारी चीनमधून चहा घेण्यासाठी हा माल मिळवू पाहत आणि बदल्यात बंदुका, कापड व अफू आणीत. समुद्रात बुडी मारून हा माल वर काढणारे मुख्यतः सामा लोक होते. मागणी वाढली तसे हात कमी पडू लागले आणि ते मिळविण्यासाठी दूरदूरच्या किनाऱ्यांवर छापे घालून माणसे पकडून आणण्याचा व्यवहार फोफावला. स्पॅनिश लेखकांनी याला केवळ मुसलमानांची चाचेगिरी म्हटले. वॉरन यांनी त्यामागची बाजारपेठ दाखविली. त्यामुळे गुलामगिरीचे क्रौर्य कमी होत नाही. परंतु तिचा दोष एका धर्माच्या स्वभावावर टाकण्याची जुनी पद्धत मात्र टिकत नाही.

१८७६ साली स्पेनने होलो जिंकले. १८७८ साली सुलूच्या सुलतानाने उत्तर बोर्निओतील प्रदेशाबाबत ओव्हरबेक व डेंट यांच्याशी करार केला. तो भाडेपट्टा होता की कायमचा त्याग, हा वाद पुढे मलेशिया व फिलिपिन्स यांच्यातील सबाह प्रश्न बनला. १८८५ च्या माद्रिद करारात ब्रिटन व जर्मनीने सुलूवरील स्पेनचा हक्क मान्य केला आणि स्पेनने बोर्निओवरचा दावा सोडला. सुलू आणि सबाह यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली ती अशी, ज्यांचे जीवन दोन्हीकडे होते त्यांना न विचारता.

सीमा आखणाऱ्यांना प्रदेश किती माहीत होता, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिले, पण तहातील रेषा अशी आखली गेली की सिमुनुलच्या पश्चिमेचे सिबुतू आणि कागायान दे सुलू ही बेटे बाहेर राहिली. ती चूक दुरुस्त करण्यासाठी १९०० साली वॉशिंग्टन येथे दुसरा तह करून अमेरिकेला आणखी एक लाख डॉलर मोजावे लागले. १८९९ साली सुलतानाशी झालेला बेट्स करार अमेरिकेने पुढे एकतर्फी मोडला आणि १९१५ च्या कार्पेंटर कराराने सुलतानाची राजकीय सत्ता संपुष्टात आली. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४४ मध्ये, जपानचे मोठे आरमार तावी-तावीच्या आश्रयाला येऊन थांबले होते. २ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य बोंगावजवळच्या सांगा-सांगा येथे उतरले.

सबाहच्या वाटेवरची दोन वर्षे : १९६७ आणि २०१३

स्वतंत्र फिलिपिन्सच्या इतिहासात सिमुनुलचे नाव दोनदा ठळकपणे आले आणि दोन्ही वेळा कारण सबाह हेच होते. १९६३ साली सबाह मलेशियात सामील झाले. फिलिपिन्सने त्यावर हक्क सांगितला होता. १९६७ साली अध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत सबाहमध्ये घुसखोरी करण्यासाठी एक गुप्त योजना आखली गेली. मेजर एदुआर्दो मार्तेलिनो हे तिचे प्रमुख होते. सिमुनुल येथे 'कॅम्प सोफिया' नावाची छावणी उभारून सुलू व तावी-तावीच्या तरुण मुस्लिमांना भरती करण्यात आले. नोकरी, गणवेश आणि नियमित पगार यांचे आकर्षण त्या गरीब तरुणांना साहजिकच होते. भरती झालेल्यांपैकी अनेकांचे नातलग सबाहमध्ये राहत होते. ज्यांच्याशी लढायचे ते आपलेच लोक, याची त्यांना पूर्ण कल्पना देण्यात आलेली नव्हती.

डिसेंबर १९६७ अखेर या तरुणांना जहाजाने मनिलाच्या उपसागरातील कॉरेगिडोर बेटावर नेण्यात आले. तेथे पगार न मिळाल्याने आणि योजनेचे खरे स्वरूप कळल्याने त्यांनी तक्रार केली. १८ मार्च १९६८ रोजी त्यांच्यापैकी अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. जिबिन अरूला हा तरुण जखमी अवस्थेत समुद्रात उडी टाकून वाचला आणि त्याच्या साक्षीमुळे हे प्रकरण जगापुढे आले. मृतांच्या संख्येबद्दल निरनिराळे आकडे दिले गेले, संसदेत वादळ उठले, लष्करी न्यायालयात खटला चालला. पण आरोपी सुटले आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. 'जाबिदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेने मुस्लिम तरुणांचा राज्यसंस्थेवरील विश्वास उडविला. त्याच वर्षी मे महिन्यात उदतोग मातालाम यांनी स्वतंत्र मिंदानावची चळवळ घोषित केली आणि पुढे नूर मिसुआरी यांच्या नेतृत्वाखाली मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडी उभी राहिली. 'मोरो' हा स्पॅनिशांनी हिणवण्यासाठी वापरलेला शब्द त्यांनी अभिमानाने स्वीकारला. १९७० च्या दशकातील युद्धात हजारो कुटुंबे आश्रयासाठी सबाहला गेली. ज्या प्रदेशावर चढाई करण्यासाठी सिमुनुलला छावणी उभारली, तोच प्रदेश अशा रीतीने निर्वासितांचा आसरा ठरला. १८ मार्च २०१३ रोजी अध्यक्ष बेनिग्नो आकिनो तिसरे यांनी कॉरेगिडोर येथे जाऊन या घटनेला उघड मान्यता दिली. तिला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

योगायोग असा की त्याच वर्षी दुसरी घटना घडत होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुलूच्या सुलतानपदावर हक्क सांगणारे जमालुल किराम तिसरे यांचे सुमारे दोनशे अनुयायी सबाहमधील लाहाद दातूजवळच्या तांदुओ गावी जाऊन ठाण मांडून बसले. त्यांच्यापैकी बरेच जण सिमुनुलहून निघाले होते. मलेशियाच्या सैन्याने केलेल्या कारवाईत साठांहून अधिक माणसे मरण पावली. सबाहमधील फिलिपिनी लोकांवर संशयाची नजर वळली आणि अनेक कुटुंबांना परतावे लागले. पहिल्या वेळी हाक राज्यसंस्थेची होती, दुसऱ्या वेळी सुलतानाच्या वारसाची. माणसे मात्र त्याच गरीब किनाऱ्यांची होती.

प्रशासकीयदृष्ट्या तावी-तावी १९७३ साली सुलूपासून वेगळा प्रांत झाला. १९८९ च्या जनमताने तो मुस्लिम स्वायत्त प्रदेशात आला. १९९६ व २०१४ च्या शांतता करारांनंतर २०१९ साली नव्या बांगसामोरो स्वायत्त प्रदेशाची स्थापना झाली. त्यात तावी-तावी कायम राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बहुमताने विरोध करणाऱ्या सुलू प्रांताला या प्रदेशातून वगळले. त्यामुळे तावी-तावी आणि उर्वरित स्वायत्त प्रदेश यांच्यामध्ये आज सुलू उभा आहे.

अर्थव्यवहार

सिमुनुलच्या जमिनीत नारळ आणि कसावा ही मुख्य पिके. नारळाचे सुके खोबरे विकले जाते. कसावाचा कीस पिळून, वाफवून केलेला 'पुतू' हे भाताच्या जोडीचे, आणि गरिबाच्या घरी भाताच्या जागी खाल्ले जाणारे अन्न आहे. भातशेतीला लागणारे पाणी व सपाट जमीन नसल्याने तांदूळ बाहेरून आणावा लागतो. स्त्रिया केतकीवर्गीय पानांच्या रंगीत चटया विणतात. या सामा कलेचा मान म्हणून तावी-तावीच्याच तांदुबास येथील हाजा अमीना अप्पी यांना २००४ साली राष्ट्रीय सन्मान मिळाला.

मासेमारी हा पूर्वापार धंदा. परंतु गेल्या पन्नास वर्षांत किनाऱ्याचे जीवन सर्वाधिक बदलले ते समुद्री शेवाळाने. स्थानिक लोक त्याला 'आगार-आगार' म्हणतात. त्यापासून कॅरागीनन हा चिकट पदार्थ मिळतो. आइस्क्रीम, मांसाचे डबाबंद पदार्थ, टूथपेस्ट यांत तो घट्टपणा आणण्यासाठी वापरतात. १९६० च्या दशकात नैसर्गिक शेवाळ ओरबाडून संपत आले, तेव्हा हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांनी फिलिपिनी सहकाऱ्यांसह त्याची लागवड करण्याचे प्रयोग केले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस सुलू द्वीपसमूहात व्यापारी शेती सुरू झाली.

या शेतीला ना जमिनीचा सातबारा लागतो, ना नांगर. उथळ पाण्यात खुंट रोवून किंवा प्लास्टिकच्या बाटल्यांचे तरंगते आधार लावून दोऱ्या ताणतात. दोरीला वीतभर अंतराने शेवाळाचे तुकडे बांधतात. सुमारे दीड महिन्यात ते अनेक पटींनी वाढते. मग काढून, मचाणावर उन्हात वाळवून पोत्यांत भरतात. बांधणीचे काम बहुधा घरातील स्त्रिया व मुले करतात, समुद्रातील काम पुरुष करतात. भांडवल थोडे लागते आणि पैसा दोन महिन्यांच्या आत हाती येतो, म्हणून युद्धाच्या काळातही ही शेती टिकली.

तिची दुर्बल बाजू बाजारात आहे. सात-आठ किलो ओले शेवाळ वाळविले की एक किलो उरते. तो माल गावचा व्यापारी घेतो. बोंगाव, झांबोआंगा आणि पुढे सेबूच्या कारखान्यांपर्यंत तो अनेक हातांतून जातो. तांदूळ, दोऱ्या आणि इंधन यांसाठी शेतकऱ्याने त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे भाव ठरविण्याची ताकद त्याच्याकडे नसते. २००८ साली जगात भाव एकाएकी चढले आणि तितक्याच वेगाने कोसळले. त्याच सुमारास इंडोनेशियाने उत्पादनात फिलिपिन्सला मागे टाकले. पाणी फार तापले किंवा त्यातील क्षार घटले की शेवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडून गळतात. या विकाराला 'आइस-आइस' म्हणतात आणि तापमानवाढीच्या काळात त्याची भीती वाढली आहे. बुडी मारून समुद्रकाकडी काढणारा अठराव्या शतकातील सामा आणि शेवाळ वाळविणारा आजचा सामा यांच्यात दोन शतकांचे अंतर आहे, पण दूरच्या बाजाराच्या भावावर दोघांची चूल सारखीच अवलंबून राहिली.

तिसरा आधार सबाहशी चालणाऱ्या व्यापाराचा. 'कुम्पित' नावाच्या लाकडी यांत्रिक नौकांतून खोबरे, मासळी जाते आणि तांदूळ, तेल, साखर, बिस्किटे येतात. फिलिपिन्स सरकारने १९७३ साली एका आदेशाने या देवघेवीला कायदेशीर रूप दिले. नंतरच्या काळात धोरण कधी सैल, कधी कडक होत गेले. मनिलाच्या दृष्टीने ही सीमेपलीकडील आयात आहे. सिमुनुलच्या दुकानदाराच्या दृष्टीने सांदाकान व सेम्पोर्ना हे झांबोआंगापेक्षा जवळचे बाजार आहेत, आणि ही वाट सीमा आखण्यापूर्वीची आहे.

शिक्षणाच्या बाबतीत १९६९ साली स्थापन झालेल्या, बोंगाव येथील तंत्रज्ञान व सागरविज्ञान महाविद्यालयाचा उल्लेख आवश्यक आहे. मिंदानाव राज्य विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या संस्थेने तावी-तावीच्या मुलामुलींना घराजवळ उच्च शिक्षण दिले आणि मत्स्यशास्त्र व शेवाळ हे त्यांच्या आईवडिलांचेच विषय विद्यापीठाच्या वर्गात आणले. गावोगावी मदरसे आहेत. अरबी लिपीत आपली भाषा लिहिण्याची जुनी रीतही या द्वीपसमूहात होती. तार्सिला त्याच लिपीत लिहिल्या गेल्या, म्हणूनच सलीबींना त्या वाचता आल्या.

समारोप

सिमुनुलचा इतिहास बहुतांशी इतरांनी लिहिला. साल एका लेबनीज डॉक्टरने ठरविले, सीमा माद्रिद, पॅरिस आणि वॉशिंग्टन येथे आखल्या गेल्या, छावणीचा बेत मनिलाला शिजला आणि शेवाळाचा भाव परदेशी कारखान्यांनी ठरविला. या सर्वांत बेटाच्या लोकांनी स्वतःहून केलेली एक गोष्ट उरते : मशिदी पडल्या, नव्याने उभ्या राहिल्या, पण जुने खांब त्यांनी जागचे हलविले नाहीत. १३८० हे साल संशोधनात मागेपुढे होईल. परंतु सिमुनुलकडे केवळ 'पहिल्या मशिदीचे बेट' म्हणून पाहिल्यास त्या खांबांभोवती राहणारी माणसे, कॉरेगिडोरहून परत न आलेले तरुण आणि दोरीला शेवाळ बांधणारे स्त्रियांचे हात नजरेआड होतात. बेटाचा इतिहास सांगताना मखदूम यांच्या नावाबरोबर त्यांचीही नोंद होणे आवश्यक आहे.